बू वुर्यानींचा खुला प्रवेश

इंडोनेशियातल्या जोग्या शहरातल्या आमच्या गल्लीत बू वुर्यानी, म्हणजे वुर्यानीबाई, दिसण्याआधी त्यांच्या किल्ल्या ऐकू येतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं त्यांनी नियतकालिकांची खोली सांभाळली. तिथली सगळी कपाटं कुलूपबंद. वाचकानं चिठ्ठी द्यायची, बूंनी आत जाऊन अंक आणायचा. चिठ्ठीवरचं अक्षर गचाळ असलं, की चिठ्ठी परत.

मग परदेशी नियतकालिकं इंटरनेटवर फुकट मिळू लागली. ग्रंथालयानं ती विकत घेणं थांबवलं आणि चिठ्ठ्याही आटल्या. ग्रंथपाल बू रेत्नो, वयानं लहान पण हुद्द्यानं मोठ्या, स्पष्टच म्हणाल्या, "जूनअखेरपर्यंत कोणी फिरकलं नाही, तर खोली कॉफीवाल्याला देऊ. तुम्ही दारात वाचकांच्या पिशव्या सांभाळा."

संध्याकाळी बू माझ्याकडे सोयाबीनचं तळलेलं तेम्पे खात बसल्या होत्या. "आता मी पोरांच्या चपला राखणार."

"पिशव्या म्हणाल्यात ना त्या?"

"आज पिशव्या, उद्या चपला."

त्याच आठवड्यात परिपत्रक आलं: सोमवारपासून नियतकालिकांना खुला प्रवेश. ते होतं संगणकावरच्या फुकट अंकांच्या यादीबद्दल. पण बूंच्या लेखी उघडी आणि बंद असायची ती कपाटंच. सोमवारी त्यांनी कुलपांत तेल सोडलं, एकूण एक कपाट उघडलं आणि दारावर पाटी लावली: आत या, हातानं घ्या.

दुपारी बू रेत्नो येऊन बघतात, तर फरशीवर मुलं मांडी ठोकून वाचतायत.

"बू, हे काय केलंत?"

"तुमच्या पत्रात होतं ते."

"अहो, ते इंटरनेटबद्दल होतं."

"मग तसं लिहायचं."

एवढ्यात कोपऱ्यातून भूगोल शिकवणारी लारास पिवळी पडलेली पत्रकं छातीशी धरून आली. "बू, गुनुंग किदुल जिल्ह्यातल्या जुन्या विहिरींच्या या नोंदी मी दोन वर्षं इंटरनेटवर शोधतेय."

"तिथे कशा असतील? त्या इथे होत्या."

"मग यादीत का नाहीत?"

"तुम्ही चिठ्ठी कुठे दिलीत, म्बाक लारास?"

"यादीतच नाही, तर चिठ्ठी कशाची देऊ?"

मला हे सांगताना बूंनी चहात साखर असूनही पुन्हा घातली.

बू रेत्नोंनी मात्र ती पत्रकं उभ्याउभ्याच चाळली. परदेशी अंक घरबसल्या मिळतात, पण हे आपल्याखेरीज कोणाकडेच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. महिनाभरात परदेशी गठ्ठे तळघरात गेले, कॉफीवाल्याला व्हरांडा मिळाला आणि खोलीत स्कॅनर आला. आता बू स्वतः एकेक पान त्याच्यावर ठेवतात, फुंकर मारून. ती पानं जगात कोणालाही फुकट वाचता येतात.

परवा तिमोर बेटावरून एका बाईंचं ईमेल आलं, त्यांना विहिरींच्या अजून स्कॅन व्हायच्या राहिलेल्या नोंदी हव्या होत्या. बूंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि बू रेत्नोंना म्हणाल्या,

"देऊन टाका. अक्षर स्वच्छ आहे."