चौकटीवरची तिरकी खाच

माझा मामा इस्रायलमध्ये बसून आमच्या घराण्याचा इतिहास लिहायला निघाला आणि पहिल्याच ओळीत त्यानं आईला खोटं पाडलं. नातीला शाळेसाठी वंशावळ हवी होती. "आपले आजोबा कोकणातून पुण्यात आले ते थेट कॅम्पात," त्यानं फोनवर ठोकून दिलं. आई म्हणाली, "अरे, माझा जन्म नारायण पेठेतला." मामा हसला. "ताई, वय झालं तुझं. ज्यू माणूस पेठेत कशाला राहील?"

आई त्या दिवशी धड जेवली नाही. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं आपला जन्म कुठे झाला हे सिद्ध करत बसायचं? मला संताप आला. पण पुरावा काहीच नव्हता, होती फक्त तिची आठवण. खाली छापखाना, वर राहायची खोली, आणि तिचे बाबा तिला उचलून मेझुझाला हात लावायला द्यायचे. आमच्यात दारातून आत जाताना उजव्या चौकटीवर प्रार्थनेचं चर्मपत्र घातलेली बोटभर डबी तिरकी बसवतात. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ती ओठांना टेकवायची. घर सोडताना डबी काढून न्यायची रीत. तेल गाळणाऱ्या घरातले आईचे आजोबा कोकणातून आले आणि त्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागले. शनिवारी शब्बाथची सुट्टी आणि रविवारी सगळा छापखाना बंद असताना एकटे कामावर, असं आई सांगायची.

मी तिला रिक्षात बसवलं आणि आम्ही कर्वेनगरहून निघालो. पेठेत एका ओट्यावरच्या आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "छापखाना? इथे दर दोन घरांमागे एक होता. पुढचं विचारा."

पुढचं विचारत हिंडून हिंडून आईचे पाय भरून आले. एका दुमजली इमारतीपाशी मात्र ती थबकली. "हाच जिना," म्हणाली आणि माझा हात सोडून चढायलाच लागली. वर दार उघडलं ते साधारण तिच्याच वयाच्या बाईंनी. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"पुढच्या महिन्यात बिल्डर पाडतोय," त्या म्हणाल्या. "आज आलात ते बरं केलंत. चपला बाहेर."

मी अधाशासारखी चौकट न्याहाळली. डबी नव्हती, खिळासुद्धा नव्हता. उजवीकडे हळदकुंकवाचा जाड थर होता, पण तो त्यांचा कुळाचार असणार म्हणून मी तिकडे बोटही नेलं नाही. "नाही गं आई," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं.

आई त्या कुंकवाकडेच बघत होती. "हे काय आहे?"

"कुणास ठाऊक! सासूबाई राहायला आल्या तेव्हा तिथे खाच होती. म्हणाल्या, आधीच्या माणसांचं काहीतरी आहे, मान ठेवायचा. त्या गेल्यावर दर शुक्रवारी मी कुंकू लावते. तिरकंच आहे ते, पण आपण कोण सरळ करणार?"

तिरकं! मी ओरडलेच. पुसून बघू का, असं विचारेपर्यंत बाईंनी ओला फडका हातात दिला. थर निघाला तशी बोटभर खाच दिसली, तिच्या वर एक भोक, खाली एक. मी त्या अनोळखी बाईंना मिठीच मारली. "अहो, फडका ओला आहे," त्या म्हणाल्या.

आईनं हात वर केला. पाठ वाकलेली, बोटं वीतभर खालीच राहिली. मी तिला धरायला पुढे झाले, तोवर बाई स्वयंपाकघरातून दोन पाट घेऊन आल्या, एकावर एक ठेवले आणि म्हणाल्या, "चढा. मी धरते."

आई चढली. खाचेत मुरलेलं कुंकू काही निघालं नव्हतं. तिनं तिथे बोटं लावली, ओठांना टेकवली आणि तशीच पाटावर उभी राहून मला म्हणाली, "मामाला फोन लाव. दिसणारा."

मामानं उचलला. "ताई, ओठांना काय लागलंय?"

"ते नंतर," आई म्हणाली. "आधी कॅम्प खोड."