न उघडलेली टोपली

आम्ही बेट सोडलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मे महिना संपत आला होता. आणखी आठवड्याने होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या असत्या आणि मग चार महिने कुणी आलं-गेलं नसतं. खालच्या कातळावर आमचं सामान मांडलेलं होतं: पत्र्याच्या दोन ट्रंका, तीन वळकट्या, आईचा वरवंटा (पाटा जड म्हणून मागे राहिला) आणि झाकणाची वेताची एक टोपली. टोपलीत आमची मांजर होती, असं घरचे समजत होते. झाकणाला सुंभ मीच बांधला होता. होडीत चढताना बाबांनी विचारलं, "बांधलंस मां नीट?" मी "हो" म्हटलं. टोपली मी कुणाच्या हातात दिली नाही. तिच्यात माझा जुना परकर होता, बाकी काही नव्हतं.

चि. मुक्ता आणि चि. निहार, हे पत्र तुम्हा दोघांना आहे; पण घाई मुक्तासाठी आहे, कारण तिला सोमवारी एका कागदावर सही करायची आहे. सगळं शिक्षण इंग्रजीत झालेली तुमची आजी आज मराठीत लिहिते आहे. ही हकीकत मी आजवर कुठल्याच भाषेत कुणाला सांगितलेली नाही. ती जिथे घडली तिथली भाषा बरी.

माझे बाबा, म्हणजे तुमचे पणजोबा, मालवणच्या दक्षिणेला एका लहान बेटावर दीपगृह सांभाळायचे. गावात त्यांना बत्तीवाले म्हणत. बेट एवढंसं, की सकाळी भाताचं आधण ठेवून आई एक फेरी मारून यायची तरी आधण आलेलं नसायचं. आमच्याशिवाय वस्ती होती ती पक्ष्यांची. उन्हाळ्यात सुरय यायचे, काळी टोपी घातल्यासारखे दिसणारे पांढरे पक्षी. ते घरटं म्हणून बांधत नाहीत, उघड्या कातळावर अंडी घालतात. पश्चिमेच्या गुहेत पाकोळ्या असायच्या. आणि आडोशाच्या बाजूला, ओहोटीला गुडघाभर पाणी उरलं की खाली पिवळी-तपकिरी प्रवाळं दिसायची. मी त्यांना 'समुद्रातला कोबी' म्हणायचे.

बाबांचा एक नियम होता. होडीतून आलेलं काहीही झाडून पाहिल्याशिवाय कातळावरून वर जायचं नाही. तांदळाचं पोतं असो, लाकडाची मोळी असो, पाहुण्याची पिशवी असो, सगळं तिथेच उघडायचं. एकदा खात्याचे मोठे साहेब तपासणीला आले, तर बाबांनी त्यांचंही बिछान्याचं बिंडाळं सोडायला लावलं. साहेब चिडले. बाबा म्हणाले, साहेब, एक उंदीर वर गेला तर पुढच्या वर्षी तुम्हाला दाखवायला इथे एक अंडं उरणार नाही.

मग मांजर कशी, असं मुक्ता विचारेल. ती आधीच्या बत्तीवाल्यांची होती, आम्ही गेलो तेव्हा तिथेच होती. बाबांना ती पसंत नव्हती, मला मात्र दुसरं कुणी खेळायला नव्हतं. तेव्हा त्यांनी तिच्या गळ्यात घुंगरू बांधलं, म्हणजे पक्ष्यांना चाहूल लागावी, आणि अंड्यांच्या दिवसांत तिला घरात कोंडून ठेवायचं असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. तीन उन्हाळे मी ते पाळलं.

बेट सोडलं तेही माझ्यासाठीच. तिथे शाळा नव्हती. मला इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून बाबांनी स्वतः अर्ज करून मुंबईच्या ऑफिसात बदली मागून घेतली. अंधेरीला मामाच्या खोलीत आधी राहायचं ठरलं होतं. आई म्हणाली, "मुंबयत आपल्याक जागा नाय, मांजराक खंय ठेवतलंस?" मांजर मालवणच्या बंदरावर सोडायची, तिथे मासळी भरपूर, असं ठरलं. त्या बंदरावरचे कुत्रे मी पाहिले होते. निघायच्या दिवशी पहाटे मी तिला तेलाच्या खोलीमागे नेलं, आठवण राहावी म्हणून गळ्यातलं घुंगरू काढून घेतलं आणि तिला सोडून दिलं. मला वाटलं, मी तिचा जीव वाचवला.

होडीत आई लाट लागून आडवी पडली होती, बाबा शिडाच्या दोरीपाशी होते. मी हळूच सुंभ सैल केला. मालवणला उतरताना सांगितलं, मांजरीने वाटेत उडी मारली. बाबांनी रिकामी टोपली पाहिली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, आपल्या हातात नव्हतं गं. आगबोटीत मी दोन दिवस रडले. सगळ्यांना वाटलं, मांजरीसाठी.

अंधेरी तेव्हा निम्मी शेतंच होती. मामाच्या खोलीमागे भाताची खाचरं होती आणि त्यांत बगळे उभे असायचे. मी त्यांच्याकडे बघत इंग्रजीचे स्पेलिंग पाठ करायचे. शाळेतल्या मुली माझ्या हेलाला हसायच्या. वर्षभरात मी तो टाकून दिला, इतका की आई म्हणायची, ही आता रेडिओवरच्या बाईसारखी बोलते. बाबांची सवय मात्र सुटली नाही. बाजारातून आले की भाजीची पिशवी उंबऱ्याबाहेर उपडी करायचे आणि झाडून मग आत यायचे. शेजारच्या काकू विचारायच्या, "काय हो बत्तीवाले, मेथीत नाग शोधता की काय?" बाबा हसून म्हणायचे, अजून सापडला नाही.

दिवाळीच्या सुमाराला बेटावरच्या नव्या बत्तीवाल्यांचं पत्र आलं. बाबांनी ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. पुढचं मनातच वाचलं. नंतर मी ते चोरून पाहिलं. लिहिलं होतं, इथे एक मांजर आहे, तुमचीच असावी, माणसाला जवळ येऊ देत नाही. यंदा सुरयांचं एकही पिल्लू उडालं नाही, आणि उरलेले पक्षी हंगाम संपायच्या आधीच उठून गेले.

बाबा मला रागावतील म्हणून मी दोन दिवस तोंड लपवून होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते नव्या बत्तीवाल्यांना उत्तर लिहायला बसले. मला हाक मारली. वर न बघता म्हणाले, "पोती सगळी झाडलंय. तुझी टोपलीच तेवढी उघडूक नाय." मग विचारलं, "तू तिका हाक कशी मारायचंस?"

मी सांगितलं: जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली दगडावर दोनदा वाजवायची, मग जिभेने टक् असा आवाज काढायचा, आणि तिच्याकडे बघायचं नाही. बघितलं की ती येत नाही. त्यांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. ऑफिसलाही एक पत्र गेलं, त्यात चूक स्वतःची म्हणून लिहिली. मला पुढे त्यांनी त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. घुंगरू माझ्या कंपासपेटीत होतं.

ताटलीच्या आवाजावर ती महिन्याभरात पकडली गेली आणि किनाऱ्यावर एका घरी पोचवली. पण पुढच्या उन्हाळ्यात सुरय आलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या वर्षी एक पोस्टकार्ड आलं: थोडे आले आहेत, दक्षिणेच्या कातळावर बसतात. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि आईकडे न देता माझ्या हातात दिलं. म्हणाले, हे तू ठेव. मी एक पुठ्ठा दुमडून त्यात ते ठेवलं, वर नाव लिहिलं. ती माझी पहिली फाइल. निहार, तू चिडवतोस ना, 'आजी, तुझ्या फ्रीजमध्येपण इंडेक्स कार्डं असतील'. त्या सगळ्याची सुरुवात इथली आहे. चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात मी प्रत्येक वस्तू तिच्या जागी ठेवली, कारण एकदा एक वस्तू मी चुकीच्या जागी सोडून आले होते.

मुक्ता, तू तिकडे हिंदी महासागरातल्या त्या बेटावर गेलीस, पक्षी वाचवायला म्हणून उंदीर पकडायला लागलीस, तेव्हा सगळे हसले. मी हसले नाही. तू मला समजावलंस, की पक्षी समुद्रात मासे खाऊन बेटावर येतात, त्यांची विष्ठा पावसाबरोबर परत समुद्रात उतरते आणि तिच्यावर भोवतालची प्रवाळं आणि मासे पोसले जातात. पक्षी गेले की समुद्रही उपाशी. हे तू फोनवर किती सहज सांगितलंस. मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन बसले. सुरय गेले एवढंच मी इतकी वर्षं धरून होते. माझ्या समुद्रातल्या कोबीचं काय झालं असेल, हा प्रश्न पहिल्यांदाच पडला.

मुंबईच्या खडकांतही प्रवाळं आहेत असं तू म्हणालीस म्हणून गेल्या महिन्यात ओहोटी बघून खारदांड्याच्या किनाऱ्यावर गेले. वीस वर्षं आपल्या दारात मासे घेऊन येणारी जयवंती मला हात धरून खडकांवर घेऊन गेली. खाचेत साचलेल्या पाण्यात बशीएवढं प्रवाळ होतं, खरंखुरं, मुंबईच्या सगळ्या घाणीत टिकून राहिलेलं. जयवंती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "लहानपणापासून यावर पाय देऊन चालतो गो आम्ही. हे जिवंत हाय ते कोणी सांगितलंच नाय."

आता सोमवारचं. तुमच्या कॅम्पच्या स्वयंपाकीणबाईंनी बोटीतून मांजरीचं पिल्लू लपवून आणलं, ते बाहेर पडलं, जमिनीवरच्या घरट्यांतली पिल्लं मेलेली सापडली आणि ते अजून हाती लागत नाही. त्या बाईंना कायमचं परत पाठवावं अशी शिफारस तू करणार आहेस. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "पणजोबांनी पहिल्याच होडीने पाठवलं असतं ना गं?" आणि मी हो म्हणून मान हलवली. तेवढ्यात नेटवर्क गेलं. ती मान हलवणं हे माझ्या आयुष्यातलं दुसरं खोटं आहे. हेही पन्नास-साठ वर्षं सांभाळण्याइतका वेळ आता माझ्याकडे नाही.

पणजोबांनी काय केलं, ते वर लिहिलं आहे. त्यांनी आधी स्वतःला विचारलं, टोपली कुणी उघडली नाही? तूच मला सांगितलंस, की पाहुण्यांच्या बॅगा तुम्ही जेट्टीवर उघडता, कॅम्पच्या माणसांच्या नाही, कारण ती आपलीच. आणि मग त्यांनी विचारलं, हाक कशी मारायची? ते पिल्लू ज्यांच्या आवाजाला येईल त्याच बाईंना तुम्ही बोटीत बसवायला निघाला आहात. त्यांची चूक लहान नाही. माझीही नव्हती, दोन उन्हाळे एक बेट रिकामं राहिलं. त्यांना क्षमा कर असं मी म्हणत नाही. आधी त्यांना विचार, आणि ऐकताना त्यांच्याकडे रोखून बघू नकोस. सही त्यानंतर कर, जी करायची ती.

तुम्ही दोघं विचारता, आजी, तुझं घर नक्की कुठलं, बेट की अंधेरी. बेटावर मी पुन्हा कधी गेले नाही, आणि अंधेरीत आता बगळ्यांच्या जागी मेट्रोचे खांब आहेत. तरी भाजी घेऊन येणारा डिलिव्हरीवाला दारात उभा असताना मी अजून पिशवी बाहेरच उपडी करते, झाडते, मग आत नेते. तो वैतागतो. त्या दोन मिनिटांत मी घरी असते, दोन्हीकडे.

मुक्ता, या पत्राचे फोटो आजच फोनवर पाठवते आहे, मागाहून बोटीने एक खोका येईल. गोडा मसाला दळलेला आहे. चिंचेतला एकेक चिंचोका मी चष्मा लावून काढला आहे, आमसुलंही तपासली आहेत. तळाशी कापसात गुंडाळलेलं एक घुंगरू आहे. खोका जेट्टीवर सगळ्यांसमोर उघड आणि पालथा करून झाड. आजीचा आहे म्हणून तसाच आत नेऊ नकोस.