बाहेर पडायचं दार

दवाखान्यात नवं यंत्र आलं की तात्या आधी त्याचा प्लग उपटत. "चालताना काय, समदीच चालत्यात. पडल्यावर उठतंय का ते बघायचं," म्हणत. वडूजचे तात्या सैन्यात सिग्नलला, म्हणजे संदेशवहनाला होते. निवृत्तीनंतर सांगलीतल्या आमच्या धर्मादाय नेत्र रुग्णालयात संगणक सांभाळत. मी तिथली व्यवस्थापक. यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. त्यावर ते म्हणत, "म्याडमच्या वहीत दम कवा घ्यायचा ते बी लिवलेलं असंल."

आमची एक परिचारिका नोकरी सोडून गेली, आणि तिच्या मोबाइलबरोबर रुग्णांचे फोटो, रिपोर्ट, डॉक्टरांचं बोलणं, सगळंच गेलं. म्हणून कर्मचाऱ्यांच्या संदेशांसाठी स्वतंत्र व्यवस्था घ्यायचं ठरलं. अध्यक्षांना पुण्याच्या एका कंपनीची तयार सेवा हवी होती. तात्यांना आमच्याच खोलीत, आमच्याच यंत्रावर चालणारं सॉफ्टवेअर हवं होतं. मी तुलनेसाठी अठरा रकाने आखले. तात्यांनी एकच वाढवला: बाहेर पडायचं दार.

बैठकीत त्यांनी कंपनीच्या माणसाला विचारलं, "उद्या आमी तुमच्याकडनं उठलो, तर आमचं समदं बोलणं आमच्या हातात कसं देणार?"

"तशी वेळच येणार नाही, सर."

"येळ आमी ठरवू. तुमी दार दावा."

त्याने दरांचं पत्रक पुढे सरकवलं.

अध्यक्ष चिडले. "आणि तुम्ही नसलात तर तुमचं यंत्र कोण उठवणार, तात्या?"

तात्यांनी मान डोलावली. "हे मातुर वाजवी बोललात. म्हैना द्या. म्याडम एकट्या उठवतील. न्हाई उठलं, तर कंपनीचा कागद करा. मी बी वडूजला जातो."

माझी संमती कोणी विचारली नाही. बंद पडलेली व्यवस्था पुन्हा कशी उभी करायची, त्याची एकेक पायरी तात्या सांगत, मी लिहीत असे. सैन्यातल्या सवयीने ते प्रत्येक पायरी माझ्याकडून परत वदवून घेत. "नुसतं 'पोचलं' म्हनलं म्हंजे पोचलं न्हवं. परत सांगा." सरावात, रिकाम्या यंत्रावर सगळं नव्याने उभं करताना मी नवव्या पायरीला अडले. पासवर्ड यादीत नव्हता. तो फक्त तात्यांच्या डोक्यात होता.

त्यांनी माझी वही ओढून नववी पायरी स्वतः वाचली. मग म्हणाले, "लोकांला दार इचारत फिरलो, आन् कुलूप मीच."

पासवर्डचा लखोटा तिजोरीत गेला. महिनाअखेरीस अध्यक्षांसमोर मी यंत्र उठवलं, तेव्हा तात्या बाहेर चहा पीत बसले होते. बोलावूनही आत आले नाहीत.

पुढे तात्या काम सोडून वडूजला परतले. गेल्या हिवाळ्यात आमच्या वडूजच्या तपासणी केंद्रातून त्याच यंत्रावर संदेश आला: "तात्या सकाळी गेले." मी त्यांच्या शिस्तीने तो परत लिहिला: "तात्या सकाळी गेले. पोचलं."

आता नवे विश्वस्त पुन्हा कंपन्यांची पत्रकं घेऊन येतात. अठरा रकाने त्यांनी खुशाल भरावेत. एकोणिसावा मी स्वतः विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत सही करत नाही.