गंगापूर सोडून सगळीकडं

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीतल्या कुणाला सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं असलं, की तो आधी मुंजाबाकडं जायचा. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत जे सांगत नाहीत ते मुंजाबा चहाच्या दोन घोटांमध्ये सांगायचा. अजिंठ्याला सोमवारी जाऊ नका, लेणी बंद. वेरूळला मंगळवारी जाऊ नका. पैठणची पहिली गाडी धरा, म्हणजे ऊन चढायच्या आत देवदर्शन उरकतं. जालन्याला रेल्वेनं जा, पण येताना एसटीच बरी.

मी त्याला म्हणायचो, "मुंजाबा, चाळीस वर्षं मेंढरं हाकलीस. आता माणसं हाकायला लागलास व्हय?"

"माणसं सोपी, नाना," तो म्हणायचा. "तिकीट दिलं की आपली आपण बसत्यात."

गल्लीला वाटायचं, म्हाताऱ्याला हौस आहे. हौस कसली! हे सगळं तो बायकोपायी शिकला होता. मंजुळाबाईच्या किडन्या गेल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला. पाणी दिवसाला मोजून, चहासुद्धा त्यातच धरायचा. त्यामुळं बाहेरगावी मुक्काम करायचा नाही, जिथं जायचं तिथून दिवेलागणीला घरी. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघणारा आणि मृगाच्या आसपास परतणारा हा माणूस. संसार झाला तो सगळा उघड्यावर, आणि बायको फुलंब्रीकडच्या गावात एकटी. आता पोराच्या घरी, दोन खोल्यांत बसून तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर बायकोसाठी मोकळे दिवस शोधत होता.

त्याचा नियम पक्का होता. निघायचं ते मशीनच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी नाहीतर शुक्रवारी; रविवारी गाड्यांना गर्दी. तेव्हा तिचं अंग हलकं असतं. वाटेत सावली कुठं, संडास कुठं, सगळं आधी ठरलेलं. जायचं कुठं हे मात्र मंजुळाबाई ठरवायची. जन्मभर ज्या गावांची नुसती नावं ऐकली ती तिला बघायची होती. कन्नडला ती एसटीतून उतरली, चहूकडं बघितलं आणि म्हणाली, "इथं किती दिस बसायची मेंढरं?"

"पाच-सहा."

"मी तवा घरी काय करीत आसंल?" एवढंच म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

मी मुद्दाम तिला चिडवायचो, "वहिनी, नव्या नवरीला कुणी एवढं फिरवत नाही."

"नव्या नवरीला भाऊजी, निदान गंगापूर तरी दाखवलं असतं," ती म्हणायची.

इथं माझे कान उभे राहायचे. कन्नड झालं, पैठण झालं, अजिंठा झाला, आणि गंगापूर? जेमतेम तासाभराची वाट. पण तिकडचा विषय निघाला की मुंजाबाला कारणं सुचायची. रस्ता उकरलाय. उसाच्या गाड्यांची गर्दी आहे. ऊन फार आहे. गंगापूरच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला साळूबाईचं शेत होतं. खतासाठी लोक रानात मेंढरं बसवून घेतात, तशी ती बसवायची. इतरांच्या रानात मुंजाबाचा कळप चार-पाच दिवस बसायचा, साळूबाईच्या रानात पंधरा. साळूबाई विधवा. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसानं दुसरं काय समजायचं?

खरी गोष्ट निराळी होती. ती मंजुळाबाईनं माझ्या बायकोला सांगितली, बायकोनं मला सांगितली, आणि मी कुणालाच सांगितली नाही, म्हणजे तिघाचौघांनाच. अडतीस वर्षांपूर्वी त्यांची थोरली पोर, अंबिका, चार वर्षांची असताना तापानं फणफणली. मंजुळाबाईनं गंगापूरच्या जीपवाल्याच्या हाती साळूबाईच्या रानात निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी पोर गेली. मुंजाबा आला तो त्यानंतर अकरा दिवसांनी. म्हणाला, मला निरोपच मिळाला नाही. त्यानंतरही ती त्याच्याबरोबर अडतीस वर्षं नांदली, पण निरोप पोचला होता का, एवढं एक तिला मरायच्या आधी साळूबाईच्या तोंडून ऐकायचं होतं.

मग मी माझं लाकूड आगीत सारलं. त्यांचा मुलगा राम वाळूजच्या एका कंपनीत गाडी चालवतो. त्याला म्हणालो, "सोमवारी तुला सुट्टी असते. आईला गंगापूरला घेऊन चल की. मीही येतो."

मुंजाबा ताडकन म्हणाला, "सोमवार नगं. शनवारनंतर दोन दिस मशीन नसतंय, अंगात पाणी साठतंय. बुधवारी जाऊ."

"तुमचा बुधवार मला म्हाईत हाय," मंजुळाबाई म्हणाली. "सहा महिने झाले, अजून उगवला नाय."

ह्या खेपेला तो खरं बोलत होता. पण त्याच्या कारणांवर विश्वास ठेवायचा आम्ही केव्हाच सोडून दिला होता.

साळूबाईच्या घरापुढं तिच्या सुनेनं रसवंती टाकलेली. साळूबाई बाजेवर बसली होती. गुडघे गेलेले, डोळ्यांवर जाड भिंगं. मी मनात रंगवलेल्या साळूबाईपुढं ही म्हणजे फारच निराशा.

"मुंजाभाऊ व्हय?" ती म्हणाली. भाऊ! माझी कितीतरी वर्षांची मेहनत एका शब्दात वाया गेली. "अन् ह्या?"

"मी मंजुळा. त्यांची मालकीण."

"या बाई, या! नुसतं नावच ऐकलं जन्मभर."

सुनेनं पाण्याचा तांब्या आणला. राम आम्हाला उतरवून डिझेल भरायला गंगापूरला परतला होता. मंजुळाबाईनं मुंजाबाकडं बघितलंही नाही, पेला भरून घेतला आणि संपवला. ज्या घरचं पाणी नाकारायचं त्या घरात असला प्रश्न विचारायचा कसा? आणि ह्या बाईपुढं आपण आजारी आहोत म्हणायचं कसं?

"बाई, एक इचारायचं व्हतं..."

"इचारा की. आधी च्या घ्या."

चहा झाला.

"तवा, बाई, आमची पोरगी..."

"थांबा, रस येतोय. आमच्याच रानातला ऊस हाय."

रसाचा मोठा ग्लास आला. डॉक्टरांनी पहिल्यांदा काय बंद केलं असेल तर तेच. तिनं तो घेतला. दुसराही हातात आला. मुंजाबानं "तिला चालत नाय" एवढे तीन शब्द बोलायचे होते. तो जमिनीकडं बघत बसला. प्रत्येक ग्लासागणिक तो प्रश्न पुढं ढकलला जात होता, आणि त्याला तेच हवं होतं. आणि मी? मला उत्तर ऐकायचं होतं. मी बोललो असतो तर आम्ही तेवढ्यात उठलो असतो. मीही गप्प बसलो.

शेवटी ती एका दमात बोलली. "अडतीस वर्सांमागं आमची अंबिका तापली व्हती. जीपवाल्याच्या हाती निरोप धाडला व्हता. हितं पोचला व्हता का?"

"पोचला की," साळूबाई म्हणाली. "त्याच सांजच्याला. म्याच भाऊला सांगितलं, पोरगी आजारी हाय, बोलावलंय म्हणून. पर मेंढ्या व्यायला आलत्या. रोजची पाच-सहा कोकरं. भाऊ म्हणले, दोन दिसानं जातो." मग भिंगांतून तिनं मंजुळाबाईचा चेहरा शोधला. "मग? बरी झाली ना पोरगी?"

त्यानंतर कित्येक वर्षं हा माणूस त्या रानात जात राहिला आणि पोर गेली हे त्यानं तिथं कधी सांगितलं नव्हतं.

मंजुळाबाई म्हणाली, "व्हय. झाली." आणि हातातला ग्लास तळापर्यंत प्याली.

वाळूजच्या अलीकडंच तिचा श्वास लागला. रामनं गाडी थेट दवाखान्यात घातली. तातडीनं मशीनला लावली म्हणून वाचली. पण त्या दिवसापासून ती मुंजाबाशी एक शब्द बोलली नाही. आमच्याशी बोलायची, सुनेवर ओरडायचीसुद्धा. मुंजाबा लोणारच्या गाड्या बघून यायचा, येण्या-जाण्याच्या वेळा कागदावर रामकडून लिहून घ्यायचा आणि कागद तिच्या उशाशी ठेवायचा. ती तो उचलून खिडकीत ठेवायची. मशीनला जाताना रामला घेऊन जायची. मुंजाबा मागोमाग रिक्षानं यायचा आणि बाहेरच्या बाकावर बसायचा, कारण त्याला आत येऊ देऊ नका, असं तिनं सिस्टरला सांगून ठेवलं होतं.

श्रावणातल्या एका गुरुवारी मशीनवरच ती गेली. राम आत होता. मी आणि मुंजाबा बाकावर. आत धावपळ सुरू झाली तेव्हाच आम्हाला कळलं, पण उठलं कुणीच नाही. अशा वेळी गप्प बसावं एवढी अक्कल मला आजवर आलेली नाही. मी विचारलं, "दोन दिवसांनी जातो म्हणाला होतास. मग इतके दिवस का लावलेस?"

"दुसरा निरोप आला व्हता, नाना," तो म्हणाला. "त्या जीपवाल्यानं मला रानातच गाठलं. पोरगी गेली म्हणला. म्या कुणालाच सांगितलं नाय. पोरांना ताप येतच आसतो, म्हणून थांबलो व्हतो. अन् मग तिच्यापुढं जायला पाय उचलंना."