अठरा हजारांची सायकल

विकायची नाही.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे रस्त्यात थांबवून विचारायचे तुमचे कष्ट वाचतील.

आज मुक्ताला जाऊन वर्ष झालं. माझी लेक. साध्या तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता होत्याचं नव्हतं झालं. त्यावर मला जास्त लिहिता येणार नाही.

सायकलवर लिहितो.

ती पांढरी, बारीक टायरची, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हॅन्डल असलेली सायकल मुक्ताची. सकाळी सावेडीत तिच्यावरून मी फिरतो. रिटायर्ड माणूस, पँटला क्लिप, डोक्यावर पोरीचं हेल्मेट. लोक बघणारच.

आणि आपल्या नगरचा माणूस नुसता बघून सोडतो होय?

ना ओळख, ना देख. सिग्नलला बाईक शेजारी आणायची आणि पहिला प्रश्न, "काका, कितीला पडली?"

कुणी टायर दाबून बघतो. परवा भाजीवाल्यानं पिशवीत कोथिंबीर कोंबता कोंबता विचारलं, "लई हलकी दिसती. केवढ्याची हाय?"

मी सांगतो, "अठरा हजार."

मुक्तानं ती घेतली तेव्हा मीही हेच विचारलं होतं. पोरीला पाणीसुद्धा विचारलं नाही, आधी किंमत.

"अठरा हजार, बाबा."

"अठरा? सायकलला? यात इंजिन कुठाय?"

"इंजिन मीच."

मी जाम भडकलो. एवढ्यात सेकंडहँड स्कूटर आली असती! पुढं घरी जो येईल त्याला ऐकवायचो, "अठरा हजार घातले बघा. साधं स्टँड नाही हिला, भिंतीला टेकवावी लागते."

मुक्ता आणि तिची आई एकमेकींकडं बघून तोंड दाबून हसायच्या. मला वाटायचं, माझ्या चिडण्याला हसतात.

तिचं ऑफिसचं काम घरूनच चालायचं. रविवारी मात्र घरात सापडायची नाही. पारनेरला आत्याकडं जाऊन, भाकरी खाऊन, जेवायच्या वेळेला परत. वर इथं येऊन पुन्हा जेवायची.

ती गेली आणि सायकल पॅसेजमध्ये तशीच भिंतीला टेकून राहिली.

सुनंदाला, म्हणजे मुक्ताच्या आईला, ती बघवेना. किचनमध्ये जाता येता तिच्याजवळूनच जावं लागायचं. एक दिवस म्हणाली, "देऊन टाका हो कुणाला तरी. चालवणाऱ्याच्या हातात जाऊ दे."

मी हो म्हणालो.

खालच्या मजल्यावरच्यांकडं राहाता गावचे एक पाहुणे आले होते. आमचं दार उघडं होतं, गच्चीवर जाता जाता त्यांना सायकल दिसली.

"विकायची का, काका? धाकटा भाऊ लई दिवस मागं लागलाय."

"घेऊन जा. अठराला घेतली होती. तुम्हाला योग्य वाटेल ते द्या."

भला माणूस. लगेच फोटो काढून भावाला पाठवला. मिनिटभरात भावाचा फोन. पाहुण्यांना स्पीकरवर बोलायची सवय.

"दादा, कितीला म्हनतोय?"

"अठराला घेतलेली हाय म्हने."

"आरं, म्हाताऱ्याला काय म्हाईतच न्हाई! दीड लाखाची सायकल हाय ती! तू गप पैसे दे आन गाडीत घाल!"

पाहुण्यांचं तोंड एवढंसं झालं. स्पीकर बंद करायला जावं तर आवाजच मोठा झाला.

"माफ करा, काका. त्याला बोलायची अक्कल न्हाई. मला न्हाई घ्यायची," म्हणाले आणि चहा न घेताच जिना उतरले.

मी मागं वळून बघितलं. सुनंदा किचनच्या दारात उभी.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तीच म्हणाली. म्हणाली, आई, खरी किंमत कळली तर बाबांना झोप लागायची नाही. अठरा सांगू. अठरालाही ओरडतील, पण झोपतील तरी."

"आणि तू ऐकलंस?"

"ऐकलंस काय? माझ्याकडूनच शिकली ती. साड्या, पडदे, मिक्सर... तुम्हाला आजवर कशाची खरी किंमत सांगितलीय मी?"

म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच स्वस्त घरात राहत होतो!

मला हसू आलं. खरंच आलं, मुक्ता गेल्यापासून पहिल्यांदा. सुनंदाही हसली. पोरगी जाऊनसुद्धा बापाला बनवत होती. तेवढा वेळ ती आमच्यात आहे असंच वाटलं.

मग काय झालं कळलं नाही. सायकलचं हॅन्डल धरून मी मोठमोठ्यानं रडलो. अमरधाममध्ये तिला अग्नी देतानाही तसा रडलो नव्हतो.

पैशासाठी नाही हो. माझ्या झोपेची एवढी काळजी करणारं माणूस माझ्याआधी गेलं, म्हणून.

सुनंदाच म्हणाली, "राहू दे. नका देऊ. तुम्हीच चालवा."

दुसऱ्या दिवशी सीट खाली करून आणली. सुरुवातीला कंबर धरायची, आता सवय झाली.

खरी किंमत आता मला माहीत आहे. तरी कुणी विचारलं की अठराच सांगतो.

ज्याला कळत नाही तो म्हणतो, "लई महाग!"

ज्याला कळतं तो सायकलकडं बघतो, माझ्याकडं बघतो, आणि हळूच विचारतो, "काका, अठरा कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या मुलीनं."

तिनं सांगितलंय ना? मग तेवढ्यालाच.

मुक्ता, असशील तिथं सुखात राहा. मी अजून अठराच सांगतोय सगळ्यांना.

झोप मात्र लागत नाही गं, बाळा.

तुझा बाबा