थांबलेल्या गाडीला ब्रेक

सर्जेराव निकम आज झोपायचं असं ठरवूनच खाटेवर आडवा होतो. झोपायला काय ठरवायचं, असं कुणीही म्हणेल. पण डोळा लागला रे लागला की ज्याच्या छातीवर धोंडा येऊन बसतो, हातपाय लाकडाचे होतात आणि ओरडायला तोंड उघडत नाही, त्याला विचारा.

दुपारचे दोन वाजून गेलेत. चिपळूणच्या आगारातली ही ड्रायव्हर-कंडक्टरांची विश्रांतीची खोली. पायाशी नुकताच चुना मारलेली भिंत, वर कुरकुरणारा पंखा आणि खाली एक पाय आखूड असलेली लोखंडी खाट. शेजारच्या खोलीत तिघंचौघं पत्ते कुटताहेत. सर्जेरावाच्या खिशात घडी घातलेला अर्ज आहे, 'मला ड्रायव्हिंगवरून कायमचं उतरवावं.' चारपर्यंत तो साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, नाहीतर उद्याच्या घाटाच्या गाडीसाठी सही करायची. यातलं काय करायचं ते आजची झोप ठरवणार आहे.

तीन आठवडे झाले, त्यानं स्वतःच मागून यार्डातलं काम घेतलंय. गाड्या धुवायच्या, टायरची हवा बघायची. रात्र रात्र भिंतीला टेकून बसणाऱ्या माणसानं चाळीस जीव घाटातून उतरवायचे नसतात, एवढी अक्कल त्याला आहे. पण तेवीस वर्षं स्टेअरिंग धरलेले हात बादलीत घालताना त्याला रडू येतं. ते तो कुणाला सांगत नाही.

उपाय काही कमी झाले नाहीत. बायकोनं, कुसुमनं, उशाखाली अडकित्ता ठेवला. पत्तेवाल्यांनी 'छातीवर मुंजा बसतो' म्हणून नारळ द्यायला सांगितला. पिंपळ सोडून मुंजा एसटीच्या आगारात कशाला येईल, हे कुणी विचारलं नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तेवढ्या नीट बोलल्या. "मेंदू जागा होतो आणि अंग झोपेतच राहतं, निकम. भीती फार वाटते, पण त्यानं जीव जात नाही. उताणे झोपू नका. जागरणं करू नका, त्यानं वाढतं. आणि धरलंच, तर सगळं अंग हलवायला जाऊ नका. एक बोट हलवा."

"एक बोट म्हणं!" घरी येऊन तो कुसुमला म्हणाला होता.

आता तो कुशीवर वळून बघतो. खाट डुगडुगते. तो मुकाट्यानं उताणा होतो. आज पळायचं नाही. येऊ दे काय यायचं ते, डोळे उघडे ठेवून बघायचं.

पंखा फिरतो. 'इस्पिक टाक की,' कुणीतरी म्हणतं. पंखा फिरतो. पत्त्यांचा आवाज जणू ओढ्यापलीकडे जातो आणि परत येतो, आणि हात त्याचे राहत नाहीत.

आलं.

छाती दाबली जाते. दारातून काळं, उंच काहीतरी आत येतं आणि पायाशी उभं राहतं. रोज इथंच तो डोळे गच्च मिटतो आणि उजवा पाय जीव खाऊन दाबतो, ब्रेकवर दाबावा तसा. पाय दाबला जात नाही. आजही दाबला जात नाही. पण आज डोळे उघडे आहेत.

"कोन हाय?" ओठ हलत नाहीत, तरी विचारलं जातं.

"तिकीट झालं का?"

खाकी शर्ट, खांद्यावर चामड्याची पिशवी, कानावर पेन्सिल. अकरा वर्षं त्याच्या गाडीवर कंडक्टर असलेले अंकुश साळवी. दोन महिन्यांपूर्वी वारलेले.

"मास्तर, तुमी तर गेलात."

"ते माझ्या ध्यानात हाय. सरक जरा."

सर्जेराव सरकतो, तर खाट नाहीच. ड्रायव्हरची सीट आहे, समोर काच आणि काचेपुढं कुंभार्ली घाटाचा उतार. पायाशी चुन्याची भिंत तशीच आहे, तिच्यात क्लच आणि ब्रेक बसवलेत. मागं तीन नंबरच्या सीटवर डॉक्टरीणबाई कागद चाळताहेत. शेवटच्या बाकावर कुसुम भाकरी थापतेय. त्याचं कुणालाच नवल वाटत नाही.

टण्.

एकच बेल. ही बेल सर्जेराव ओळखतो. त्या दिवशी ह्याच उतारावर मास्तरांनी दोरी ओढली होती. एक बेल, म्हणजे थांब. कुणा पाशिंजरला उतरायचं असेल, घाटात कसला आलाय थांबा, असं म्हणून त्यानं दोन वळणं पुढं, सपाटीला गाडी उभी केली होती. मागं वळून बघितलं तेव्हा मास्तर दोन सीटांच्या मधे आडवे पडले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. दोन मिनिटांनी फरक पडला नसता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्यावर सर्जेरावाचा विश्वास बसलेला नाही.

तो पुन्हा उजवा पाय दाबतो. "ब्रेक लागंना, मास्तर!"

"बाहेर बघ. काय दिसतं?"

"करवंदीची जाळी."

"हलते?"

तो बघतो. जाळी आहे तिथंच आहे. तिच्यावर बसलेला बुलबुलसुद्धा तोच आहे. "न्हाय."

"मग गाडी कुठं चाललीय? कधीची थांबलीय ती. तूच थांबवलीस. थांबलेल्या गाडीला ब्रेक मारतोस नि वर म्हणतोस लागत नाय. आगारात बोलू नको कुठं, हसतील लोक."

सर्जेरावाला हसू येत नाही. "बेल दिलीत तवाच थांबाय पायजे हुतं मी."

"उतारावर? वळणात? चाळीस माणसं घेऊन? तसा थांबला असतास तर मी उठून तुझी गचांडी धरली असती."

"मग बेल का मारली?"

मास्तर पिशवीचा पट्टा सारखा करतात.

"घाबरलो होतो, सर्जा. घाबरलेला माणूस हाताला येईल ती दोरी ओढतो. त्यात तुझी चूक नाय, माझीपण नाय."

"मला तुमची लई आठवण येती."

"येऊ दे की. आठवणीला सीट दे. छातीवर कशाला बसवतोस?"

सर्जेरावाच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळतं. पुसायला हात उचलत नाही. छातीवरचं वजन आहे तेवढंच आहे. "हलताच येत न्हाई, मास्तर. समदं अंग जड झालंय."

"समदी गाडी काय खांद्यानं ढकलतोस? उजवा पाय सोड. श्वास सोड आधी, सगळा. हां. आता क्लच कुठल्या पायानं दाबतात?"

"डाव्या."

"पाय ऱ्हाऊ दे. नुसता अंगठा. मी निघायची डबल बेल देतो."

"एक बोट," तीन नंबरवरून डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणतात.

मास्तरांचा हात वर दोरीकडं जातो. सर्जेराव सगळा जीव डाव्या अंगठ्यात आणून ठेवतो. अंगठा जणू दुसऱ्या कुणाचा तरी आहे. तो घाई करत नाही. अंगठ्याला 'हल' म्हणून सांगतो. पुन्हा सांगतो. श्वास सोडतो, पुन्हा सांगतो.

टण् टण्.

अंगठा भिंतीवर आपटतो आणि सगळं अंग एकदम त्याचं होतं. पंखा, खाट, घामानं भिजलेली बनियन. "अरे, पान टाक, झोपलास काय?" शेजारी कुणीतरी ओरडतं. दारात कुणी नाही.

तो उठून बसतो. डाव्या अंगठ्याचं नख ठणकतंय आणि बोटाला पांढरा चुना लागलाय. भिंतीवर, अगदी क्लच असावा तिथं, अंगठ्याएवढा पोपडा उडालाय. त्यात तो एकदा अंगठा ठेवून बघतो. बरोबर बसतो.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजलेत. उद्या ते पुन्हा येईल, परवाही येईल, हे त्याला कळतं. आलं तर आलं.

तो खिशातला अर्ज काढतो. न वाचता त्याच्या आणखी दोन घड्या घालतो आणि वाकून खाटेच्या आखूड पायाखाली सारतो. हातानं दाबून बघतो. खाट हलत नाही. चार वाजायला अजून दीड तास आहे. सही करायला जायचं तर माणसानं झोप काढून जावं.

अंगठ्याचा चुना तसाच ठेवून तो कुशीवर वळतो आणि डोळे मिटतो.