लाल दोऱ्याची खूण

आमच्या आत्याचा धंदा असा आहे की तो जितका चांगला जमेल तितका कमी दिसतो. ती रफू करते. कोटाला कसरीनं पाडलेलं भोक, शालीवर निखाऱ्यानं उमटवलेला ठसा, पँटला खिळ्यानं काढलेला काटकोन असं सगळं तिच्याकडे येतं. कपडा परत जातो, भोक तेवढं नाहीसं होतं. एकतीस वर्षांत तिनं किती भोकं बुजवली याचा पुरावा कुठंच शिल्लक नाही. सुताराला एखाद्या दारावर हात ठेवून ‘हे माझं’ असं म्हणता तरी येतं. आत्यानं कुणाच्या पाठीवर हात ठेवायचा आणि काय म्हणायचं?

चार वर्षांपूर्वी तिनं ब्लॉग सुरू केला. म्हणजे मी करून दिला, आणि तेव्हापासून दर शनिवारी तिच्या फोनमधले फोटो चढवायला मी जातो. वाचक एकूण अकरा. त्यांत मी धरलेला आहे. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, तेही धरलेले आहेत. काकांची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. आता आत्याचा मजकूर तपासतात.

“अगं, या एका परिच्छेदात ‘धागा’ सहा वेळा आलाय.”

“कोटात सहा हजार वेळा येतो. तिथं कुणी तक्रार करत नाही.”

मी एकदा तिला विचारलं होतं, की बाई, अकरा माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला? सुईतून नजर न काढता ती म्हणाली, “सुरुवातीचं भोक गिऱ्हाइकाचं असतं. शेवटचा कपडाही त्याचाच. मधले तीन दिवस तेवढे माझे. ते कुठंतरी ठेवायला नकोत?”

ते तीन दिवस मी पाहिलेत. खिडकीजवळचं टेबल, डोळ्याला लावायचं भिंग, केसाहून जेमतेम जाड सुई. बाहेरचा दोरा ती वापरत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा ओढून काढते आणि भोकात पुन्हा विणते, आधी उभे, मग आडवे. काम झालं की त्या जागेभोवती लाल दोऱ्याचे चार सैल टाके घालते. गिऱ्हाइकानं यायचं, लाल चौकट बघायची, हात फिरवायचा आणि दोरा आपल्या हातानं ओढून काढायचा. हा तिच्या दुकानाचा रिवाज. चिठ्ठी नाही, पावती नाही. लोक कपडा विश्वासावर टाकून जातात आणि आत्याला त्याचा अभिमान आहे.

त्या शनिवारी मी पोचलो तेव्हा दुकानात भूमितीचे सर उभे होते. यांनी मला तीन वर्षं भूमिती शिकवली. मला ती आली नाही, यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या हातात राखाडी लोकरीचा कोट होता आणि ते तो उजेडाकडे धरून बघत होते.

“बाई, हा माझा कोट नाही,” सर म्हणाले.

“तुमचाच आहे, सर.”

“माझ्या कोटाला छातीपाशी भोक होतं. चांगलं बोट जाईल एवढं.”

“तेच तर बुजवलं.”

“कुठं?”

आत्या हसत पुढं वाकली. मग तिचं हसू हळूहळू मावळलं. तिनं कोट उलटसुलट केला, भिंग लावलं, खिडकीशी गेली. लाल दोरा नव्हता.

“अहो,” तिनं आत हाक मारली, “या कोटावरचा लाल दोरा कुठं गेला?”

काका इस्त्रीचं फडकं खांद्यावर टाकून बाहेर आले. “काढला मी. कोट झटकला, इस्त्री केली. त्यावर ते लाल काय ठेवायचं?”

चाळीस वर्षं ज्याच्या लेखी लाल खूण म्हणजे काढून टाकायची चूक होती त्याला लाल खूण तशीच सोडून देता येत नाही, हे आम्हां सगळ्यांना आधीच कळायला हवं होतं.

“आणि दंतवैद्यांच्या कोटावरचा?” आत्यानं विचारलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

“तोही काढला. दोन्ही बरोबरच केले.”

शेजारच्या गल्लीतले दंतवैद्य. त्यांचाही कोट राखाडीच, त्याचं भोक कोपरावर. तेही सरांसारखेच उंच आणि काडीसारखे. सकाळी कोट अंगात घालून ते थेट प्रवासाला निघून गेले होते. आत्यानं कोपर तपासलं. तिथंही काही दिसलं नाही. छातीवर काही दिसलं नाही. तिच्या हातचं काम एवढं चोख झालं होतं, की कोट कुणाचा हे तिचं तिलाच सांगता येईना.

“घालून बघा की,” काका म्हणाले.

सरांनी घातला. नीट बसला. “हा दंतवैद्यांनाही असाच बसेल,” ते म्हणाले. “शिवाय माझा कोट इतका स्वच्छ कधीच नव्हता.” आवाज चढवला नाही त्यांनी. वर्गात उत्तर चुकलं की ज्या शांतपणे सांगायचे, त्याच शांतपणे पुढं म्हणाले, “बाई, मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. पण अदलाबदल झालीये. आणि पावती तुम्ही देत नाही.”

आत्या स्टुलावर बसली. मी तिला लहानपणापासून ओळखतो. लोक उद्यापासून कपडा टाकताना आधी चिठ्ठी मागतील, हे तिला दिसत होतं. त्याहून वाईट म्हणजे सरांचं खरं असेल की काय, असं तिलाच वाटायला लागलं होतं.

“आत्या,” मी म्हटलं, “तू सरांच्या कोटाबद्दल लिहिलं होतंस ना? मागच्या शनिवारी आपण फोटो चढवले.”

“ते काय, मी आपलं माझ्यासाठी लिहिते,” ती म्हणाली.

मी ब्लॉग उघडून फोन सरांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा बदलला आणि जागेवरच वाचायला लागले. आत्यानं लिहिलं होतं: ‘या कापडात गिरणीकडून एक चूक राहिली आहे. राखाडी धाग्यांत एक उभा धागा हिरवट आहे, खांद्यापासून खालपर्यंत. तो नेमका भोकातून जात होता. आधी वाटलं, तेवढ्या जागेत राखाडी धागा भरावा, कोणाला कळणार? मग दुमडीतून त्या हिरव्याचंच टोक काढलं आणि चूकही विणली. खिशाच्या कोपऱ्यापासून तीन बोटं.’

“‘कोणाला कळणार’च्या आधीचा स्वल्पविराम मी घातलाय,” काका म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

सरांनी कोट टेबलावर पसरला. आत्याकडून टाचणी मागून घेतली, खांद्यापाशी टेकवली आणि भिंगातून बघत खाली सरकत निघाले. बराच वेळ गेला. मी श्वास रोखला होता, कारण फळ्यावर माझी आकृती तपासताना ते असेच सरकायचे आणि शेवट चांगला व्हायचा नाही.

“हिरवा धागा आहे,” ते म्हणाले. मग खिशापाशी थांबले. तीन बोटं मोजली. “इथं तो अर्ध्या बोटापुरता दुहेरी झालाय.”

“नवा धागा जुन्याच्या अंगावर थोडा चढवावा लागतो,” आत्या उभी राहत म्हणाली. “नाहीतर धरत नाही. डोळे मिटून हात फिरवा.”

सरांनी डोळे मिटले, बोट फिरवलं, परत मागं आणलं. मग कोटाची खालची दुमड उलटून बघितली. तिथं हिरव्याचं टोक नव्हतं; ते वर खिशापाशी विणलं गेलं होतं.

“सिद्ध झालं,” ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून माझ्या संदर्भात कधीच ऐकलं नव्हतं.

आत्यानं एक लांब श्वास सोडला आणि काकांकडे अशी नजर टाकली, की ते फडकं घेऊन आत निघाले. “चहा टाकतो,” दारातून म्हणाले. “आजपासून लाल दोऱ्याला हात लावणार नाही.”

“बाई, एक काम करा,” सर कोट पुढं करत म्हणाले. “तो लाल दोरा परत घाला.”

आत्यानं चार टाके घातले, नेहमीपेक्षा जरा ऐटीत. सरांनी कोट अंगात चढवला. मी म्हटलं, “सर, आता दोरा तुम्ही ओढायचा असतो.”

“कशाला? मग परत दिसेनासं होईल.”

चहा पिऊन ते लाल चौकटीसकट बाहेर पडले. आम्ही दारात उभे राहून बघत होतो. कोपऱ्यावर चष्मेवाल्यानं त्यांना काहीतरी विचारलं असावं, कारण सर थांबले, छातीकडे बोट दाखवलं आणि त्याचं बोट धरून तिथं फिरवलं. मग त्याला डोळे मिटायला लावले.

“काढ फोटो,” आत्या म्हणाली. “इतक्या लांबून येईल का?”

आला, पण हलला. काकांनी नापास केला, तरी तिनं तो ब्लॉगवर टाकलाच. काम संपल्यानंतरचा तिच्या ब्लॉगवरचा हा पहिलाच फोटो, ज्यात काम दिसतं. आता वाचक बारा आहेत. बारावे दर लेखाखाली मापं तपासून शेरा लिहितात, आणि काका त्या शेऱ्यातलं शुद्धलेखन तपासतात.